मॉडिफाइड की फुल? बदकांच्या अख्ख्या सीझननंतर माझं मत

सॅक्रामेंटो व्हॅलीत ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारी संपेपर्यंत एकाच बारा बोअरला (छर्र्यांची बंदूक) तीन चोक आलटून पालटून लावले (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारा, छर्रे किती पसरतील ते ठरवणारा भाग; फुल सगळ्यात घट्ट, मॉडिफाइड मधला, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर सगळ्यात सैल), म्हणून जरा सविस्तर लिहितोय. भारतात शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती तशीच राहावी, मी बोलतोय ते कॅलिफोर्नियातलं, लायसन्स आणि डक स्टॅम्प (बदकांच्या शिकारीसाठी लागणारं सरकारी तिकीट) घेऊन केलेलं.

सुरुवात फुल चोकने केली. वाटलं नळीचं तोंड जेवढं आवळलेलं तेवढे छर्रे लांबपर्यंत एकत्र जातील. पण हा हिशोब शिशाचा. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांना शिसं चालत नाही, स्टील बऱ्यापैकी कडक, नळीतून जाताना चेपत नाही, गोलच राहतं, म्हणून मॉडिफाइडमधूनच शिशाच्या फुलइतकं घट्ट जातं.

नोव्हेंबरात एक तलवार बदक, नर, डेकॉयवर (पाण्यात ठेवलेली नकली बदकं) अगदी वीसेक यार्डांवर आला, माझा नेम थोडा मागे पडला, कडेचे दोन-चार छर्रे लागले असतील, तो तसाच लंगडत उडाला आणि पाणगवतात पडला. माझी लॅब्रॅडॉर कुत्री अर्धा तास शोधत होती, सापडला नाही. हाच पक्षी उजनीला हिवाळ्यात दुर्बिणीतून बघत मी मोठा झालोय, त्या दिवशी पुढे बंदूक उचलावीशीच वाटली नाही.

मग डिसेंबरात रेंजवर गेलो, जे आधीच करायला हवं होतं. ४० यार्डांवर मोठे कागद, ३० इंचाचं वर्तुळ, दोन नंबर (छर्र्याचा आकार) स्टील, सव्वा औंस म्हणजे साधारण १५६ छर्रे. प्रत्येक चोकचे तीन कागद मोजले, भोकं मोजता मोजता संध्याकाळ झाली. मॉडिफाइडची सरासरी ११०, सगळीकडे सारखी पसरलेली. फुलची १०४, मध्ये गठ्ठा आणि कडेला तळहाताएवढ्या रिकाम्या जागा. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ८४ वर थांबला, पण २५ यार्डांवर त्याच्यासारखा कागद कुणाचाच नाही आला. तुमच्या नळीत, तुमच्या काडतुसात आकडे वेगळे येतील, म्हणून कागद लावाच.

त्यानंतर धुक्याच्या सकाळी डेकॉयवर इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, उघड्या भातखाचरात मॉडिफाइड, आणि ३५ यार्डांपलीकडे गोळीच नाही. जखमी होऊन निसटलेले पक्षी उरलेल्या सीझनमध्ये फक्त दोन, आधी सहा होते. फुल डब्यात पडून आहे.

दोन गोष्टी अजून. जुनी, फिक्स्ड फुल चोकची बंदूक असेल तर तिच्यात स्टील घालू नका, नळी फुगते. आणि चोक दर दोन-तीन ट्रिपनंतर बंदूक रिकामी करून काढा, आटे पुसून पातळ ग्रीस लावा, माझा चिखलपाण्याने एकदा असा जाम झाला की गनस्मिथकडे न्यावा लागला. आता सप्टेंबरात चार नंबरचे (दोनपेक्षा बारीक छर्रे) कागद लावणार आहे, छोट्या टील बदकांसाठी.