कामगारांच्या फाइली लावून देणारी सेवा : कपाट उत्तम, फाइल दाखवण्याची सोय कच्ची

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना कामगारांच्या जुन्या फाइली लावून, स्कॅन करून देणारी माणसं कोल्हापुरात मिळतात. टाइम ऑफिसात (हजेरी-पगाराचं काम बघणाऱ्या कचेरीत) एकच क्लार्क असेल तर ही सेवा जरूर घ्यावी. मात्र कामगार ‘माझी फाइल बघायची आहे’ म्हणून समोर उभा राहिला तर काय करायचं, हे आधी ठरवावं. आम्ही तपासलेलं काम नेमकं तिथंच अडलं.

मांडणी खरोखर चांगली होती. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना एकूणएक काढल्या होत्या. इथल्या पावसाळ्यात पिना गंजतात आणि कागद तिथूनच फाटतो, म्हणून हे काम किरकोळ समजू नये. प्रत्येक पानाला नंबर, वर पृष्ठसूची, बाहेर कामगाराचा टोकन नंबर (कारखान्यातला ओळख क्रमांक). त्यामुळे एकाच नावाचे दोन पाटील असले तरी घोटाळा नाही. थर्मल कागदावरची अक्षरं उडतात, म्हणून त्यांची झेरॉक्स काढून सोबत लावलेली. स्कॅन ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके), पण सगळं काळं-पांढरं. कार्बन कॉपीवरची फिकट सही त्यात दिसेनाशी होते. अशी पानं ग्रेस्केलमध्येच, म्हणजे करड्या छटांसह, घ्यायला सांगा. कपाटाचा तळकप्पा रिकामा ठेवला होता. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहरात ते हवंच.

आता मुख्य दोष. नेमणूकपत्र, वेतनवाढ, मेमो, मेडिकल रिपोर्ट आणि दुसऱ्या कामगाराने दिलेली तक्रार, सगळं एकाच लेसमध्ये ओवलेलं. अशी फाइल दाखवली तर तक्रारदार उघडा पडतो, म्हणून क्लार्क सरळ नाही म्हणतो आणि स्वतःचा दाखला बघायला आलेला माणूस परत जातो. मेडिकलचे कागद बंद पाकिटात आणि तक्रार-चौकशीचे स्वतंत्र फाइलीत ठेवले, की मुख्य फाइल ज्याची त्याला बिनधास्त दाखवता येते. मालकाने कामगाराला चार्जशीट (गैरवर्तनाचं आरोपपत्र) दिली असेल तर मात्र आरोप ज्या कागदांवर उभा आहे ते कामगाराला दाखवावेच लागतात, नाहीतर चौकशी कोर्टात टिकत नाही.

खासगी कारखान्यात पूर्ण फाइल पाहण्याचा सरसकट हक्क देणारा एकच एक कायदा नाही. सरकारी नोकरीत चित्र वेगळं आहे : सेवापुस्तक दरवर्षी दाखवून सही घ्यायची असते, आणि गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलं. खासगी मालकानेही वर्षातून एकदा फाइल दाखवावी, असं आमचं ठाम मत आहे. त्यात मालकाचाही फायदा आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, आधारवर दुसरी, पीएफला तिसरीच, हा प्रकार नेहमीचा. कामगाराने वेळेत पाहिलं तर पीएफकडे कामगार आणि मालक दोघांचं संयुक्त घोषणापत्र भरून दुरुस्ती होते. नाहीतर ५८ व्या वर्षी, पेन्शनचा अर्ज भरताना, सगळं अडकतं. लग्नानंतर पीएफचं नामनिर्देशन बदललेलं नसणं ही तशीच दुसरी गोष्ट.

दाखवण्याची रीत अवघड नाही. लेखी अर्ज घ्या, आठवड्याच्या आत वार ठरवा, फाइल क्लार्कसमोर टेबलावरच राहू द्या. टिपणं काढायला पेन्सिल द्या, पेन नको. वेगळ्या रजिस्टरला तारीख, पाहिलेली पानं, दिलेल्या झेरॉक्स आणि दोघांच्या सह्या. एखाद्या मेमोवर कामगाराचं म्हणणं असेल तर त्याचं पत्र त्याच मेमोच्या मागे लावा. मूळ कागद काढू नका, खाडाखोड तर अजिबात नको.

दर ठरवताना पान की फाइल, हे लिहून घ्या. पिना काढणं आणि पृष्ठसूची त्यातच धरा. स्कॅनमध्ये आधार, पॅन, बँक पासबुक सगळं असतं. शेवटचा हप्ता देण्याआधी स्कॅनची हार्डडिस्क ताब्यात घ्या आणि सेवा देणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरची प्रत पुसल्याचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या.