‘नवीन’ रबर, जुनीच चीर

नेरुळमध्ये राहणाऱ्यांनी विशेषतः वाचा, कारण वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या नावाखाली फसवणारा हा माणूस याच भागात फिरतोय.

पावसाळ्यात आमच्या फ्रंट लोड मशीनमधून निघालेल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला. दाराच्या रबराची घडी उलटली तर आत काळी बुरशी. नेटवर कंपनीच्या नावाने ‘सर्व्हिस सेंटर नेरुळ’ शोधून पहिल्याच नंबरवर फोन लावला. तो नंबर कंपनीचा नव्हताच, हे नंतर कळलं. आलेल्या माणसाच्या टी-शर्टवर मात्र कंपनीचा लोगो होता.

टॉर्च मारून म्हणाला, “मॅडम, इथलं पाणी हार्ड आहे. रबर सडलंय, आता बेअरिंग जाणार.” नवी मुंबईत नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते आणि म्हणे हार्ड, म्हणजे जास्त क्षारांचं! बोअरचं म्हणाला असता तर एक वेळ पटलं असतं. मी वाद घालतेय म्हटल्यावर तो सासूबाईंकडे वळला. “आजी, या बुरशीने नातवाच्या अंगावर पुरळ उठेल.” झालं, तिथेच व्यवहार ठरला. रबर २,८०० आणि ‘केमिकल सर्व्हिस’ १,२०० रुपये.

“ॲसिडचा वास येईल” म्हणत त्याने बाल्कनीचं दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा रबर लख्ख दिसत होतं. जुनं मागितलं तर म्हणाला, “कंपनीत जमा करावं लागतं.” बिलावर जीएसटी नंबर नाही, पैसे कुणाच्या तरी खासगी खात्यावर.

थोड्याच दिवसांत वास परत आला. घडी उलटली तर ब्लाऊजच्या हुकाने पडलेली जुनी चीर जागच्या जागी. तेच रबर ब्लीचने घासून बसवलं होतं! त्याचा फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केलीय. पैसे अजून आलेले नाहीत.

मग मशीनवरच्या स्टिकरवरून कंपनीचा खरा नंबर घेतला. त्यांच्या मेकॅनिकने खालचा फिल्टर उघडला, तर केसांचा गोळा आणि काळं पाणी. रबराला धक्काही लावला नाही. गरम पाण्यावर मशीनचा ‘ड्रम क्लीन’ प्रोग्राम चालवायचा, डिटर्जंट कमी घालायचं, धुणं झालं की घडी पुसून दार किलकिलं ठेवायचं, एवढंच सांगितलं. घरी ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेटचं ॲसिड अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आणि पैसे देऊन भाग बदलून घेत असाल, तर काम डोळ्यांसमोर करायला लावा आणि काढलेला भाग घरातच ठेवून घ्या.