आठ रविवार, चार घरे

दादरला शिवाजी मंदिरापासून पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर भरणारा नाट्यवाचनाचा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. आठ रविवार, दर वेळी अडीच तास, शुल्क साडेतीन हजार रुपये आणि वाचायला ‘नटसम्राट’, ‘संध्याछाया’, ‘गिधाडे’ व ‘वाडा चिरेबंदी’ ही चार नाटके. एकाच घरातल्या माणसांचे आपसांत बिनसते कसे, हे या नाटकांतून तपासायचे, असा वर्गाचा विषय होता.

वर्गाचे पैसे वसूल झाले ते ‘वाडा चिरेबंदी’च्या दोन रविवारी. घरातले वडील तात्याजी गेल्यानंतर धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात तेरवीच्या खर्चाचा विषय निघतो, तो प्रसंग आमच्यापैकी एका गृहस्थांनी चांगलाच आवाज चढवून वाचला. मार्गदर्शकांनी त्यांना थांबवले आणि तीच वाक्ये भाजीचा हिशेब सांगावा तशी वाचायला लावली. दुसऱ्या वाचनात खोलीत एकदम शांतता पसरली, कारण भास्कर आणि सुधीर हे दोन भाऊ भांडत नसून एकमेकांना चुकवत आहेत, हे तेव्हा कुठे आमच्या कानांना कळले. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि पुन्हा पुन्हा वेळ विचारणारी दादी यांवर तर अर्धा तास गेला, आणि तो सत्कारणी लागला. या घरातल्या बोलण्याला असलेले वऱ्हाडी वळण मात्र आम्हा मुंबईकरांच्या तोंडी अगदीच पुस्तकी होत होते. त्यासाठी विदर्भातला एखादा वाचक बोलावायला हवा होता.

‘नटसम्राट’च्या बाबतीत माझी निराशा झाली. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील स्वगते सर्वांना पाठ असतात, त्यामुळे बहुतेक वेळ त्यांच्या पाठांतरातच गेला. लेकीच्या घरी अप्पांवर चोरीचा आळ येतो, त्या प्रसंगी त्यांची पत्नी कावेरी काय बोलते आणि काय गिळते, हे पाहायचे राहूनच गेले. ‘संध्याछाया’ ठीक झाले.

‘गिधाडे’चे वाचन धीटपणे झाले, हे मान्य करायला हवे, शिव्या गाळल्या नाहीत आणि कुणी ओशाळेही झाले नाही. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे नाटकातल्या बहिणीच्या, माणिकच्या साडीवरचा रक्ताचा लाल डाग निळा करून प्रेक्षकांनी तो लाल समजावा, असे प्रयोगात सांगावे लागले होते, ही गोष्ट मात्र मार्गदर्शकांनी जाता जाता उल्लेखून सोडून दिली. बाप, मुलगे आणि बहीण एकमेकांना ओरबाडतात ते चालवून घ्यायचे आणि डागाच्या रंगावर अडून बसायचे, यावर खरे तर एक अख्खा रविवार द्यायला हवा होता.

व्यवस्थेबद्दल थोडेसे. संहितांच्या झेरॉक्स प्रती इतक्या पुसट होत्या की ‘गिधाडे’तल्या रंगसूचना मला वाचताच आल्या नाहीत, शेवटी मी पुस्तकच विकत घेतले. मेगाब्लॉकच्या रविवारी उशिरा आलेल्यांसाठी मागचे पुन्हा सांगितले जात नाही, तेव्हा कल्याण-विरारकडच्यांनी तासभर आधी निघावे. सव्वाअकराचा चहा उत्तम असतो. पुढच्या सत्रात इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ वाचणार असल्याचे कळले. मी नाव नोंदवले आहे, मात्र पहिल्या रांगेत, कारण मागच्या बाकांवर पंख्याच्या आवाजात हळू बोललेले काहीच ऐकू येत नाही.