स्टिरिओ स्लाइड व्ह्यूअर: अकरा महिने वापरल्यानंतर

मामांच्या पेटीत अडीचशेच्या आसपास स्टिरिओ स्लाइड निघाल्या: प्रत्येकीत डाव्या-उजव्या डोळ्यासाठी दोन चित्रं, एकत्र पाहिली की खोली दिसते. कॅमेरा रिअलिस्ट नावाचा, दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा; फिल्म बहुतेक कोडॅक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म. प्रोजेक्टरवर पाहायचा मोह होता, पण तो मी बाजूला ठेवला. कोडॅक्रोमचे रंग अंधारात वर्षानुवर्षं टिकतात, प्रोजेक्टरच्या झोतात मात्र लवकर उतरतात. शिवाय प्रत्येक स्लाइड एकुलती एक. म्हणून हातात धरायचा, मंद उजेडाचा व्ह्यूअरच घ्यायचा ठरवलं.

घाईघाईत घेतलेला पहिला व्ह्यूअर नवा होता, हलका होता आणि त्याची भिंगं प्लास्टिकची, एकेरी होती. महिनाभर मला वाटत राहिलं की मामांचे फोटोच जरा धूसर आहेत. त्यांची एक स्लाइड आहे, कोळ्याच्या जाळ्यावर साचलेल्या दवाची. त्या व्ह्यूअरमध्ये कडेच्या प्रत्येक थेंबाला जांभळी झालर दिसायची आणि धागे एकमेकांत मिसळून जायचे. दुसऱ्या महिन्यात रिअलिस्टचाच जुना, लाल बटणाचा व्ह्यूअर हाती आला. तीच स्लाइड आत सरकवली, बटण दाबलं आणि थेंब धाग्यापासून सुटून पुढे आला. आत लोंबणारा थेंब कोणता आणि धाग्याच्या मागे चिकटलेला कोणता, हे मोजता येत होतं. मी ती एकच स्लाइड बराच वेळ पाहत बसलो. दोन काचा जोडून केलेलं अक्रोमॅटिक भिंग सगळे रंग जवळपास एकाच जागी आणतं, हे वाचून माहीत होतं. पण त्याने चित्राच्या खोलीत एवढा फरक पडतो हे तेव्हा कळलं. बारीक तपशील विरघळला की डोळ्यांना दोन चित्रं जुळवायला धरून ठेवण्यासारखं काही उरत नाही.

व्ह्यूअर निवडताना ‘किती मोठं दिसतं’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, आणि माझ्या मते तिथेच गल्लत होते. खरा प्रश्न भिंगाच्या केंद्रांतराचा (फोकल लेंग्थचा) आहे, म्हणजे भिंग किरण किती अंतरावर एकवटतं त्याचा. रिअलिस्ट कॅमेऱ्याच्या भिंगांचं केंद्रांतर ३५ मिमी. व्ह्यूअरचं केंद्रांतर त्याच्या जितकं जवळ, तितकं दृश्य मूळच्या प्रमाणात दिसतं. केंद्रांतर बरंच जास्त असलं तर चित्र लहान होतं आणि खोली ताणली जाते. समोर उभा माणूस पुढे-मागे ओढल्यासारखा वाटतो. फारच कमी असलं तर चित्र भव्य दिसतं, पण खोली चेपते आणि फिल्मचे कण डोळ्यांत खुपतात.

डोळ्यांमधलं अंतर जुळवायची सोय नसलेला व्ह्यूअर, भिंगं कितीही चांगली असली तरी, मी घेणार नाही. मोठ्या माणसांत हे अंतर सरासरी ६३ मिमीच्या आसपास असतं, पण माणसामाणसात चांगलाच फरक पडतो. माझ्या आठ वर्षांच्या भाचीला आधी ‘दोन-दोन दिसतंय’. भिंगं जवळ आणली तशी ती एकदम गप्प झाली आणि चित्रातल्या कुंपणाला हात लावायला गेली.

उजेडावर मात्र मला मेहनत घ्यावी लागली. त्या काळच्या व्ह्यूअरांत टॉर्चचे बल्ब असतात. सेल उतरू लागले की बर्फही पिवळा दिसतो. मी एलईडी बसवला. पहिला साधा पांढरा होता, उजेड भरपूर, पण लाल रंग मेले आणि चेहरे आजारी दिसू लागले. मग सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वरचा घेतला आणि त्याच्यापुढे दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा लावला, थोडं अंतर राखून. तुकडा अगदी चिकटवून लावला तर मध्ये उजळ ठिपका राहतो. दोन्ही चौकटींत उजेड सारखा हवा. एक डोळा अंधारात राहिला तर चित्र झगमगल्यासारखं होतं.

माझ्याकडच्या काही स्लाइड पुठ्ठ्यात आहेत, काही काचेत. काचेचं माउंट, म्हणजे फिल्म धरणारी चौकट, जाड असतं. ते खाचेत अडतं का, हे विकत घेण्याआधीच पाहा. मी दोन स्लाइड जोर लावून बसवायला गेलो आणि एकीच्या काचेचा कोपरा उडाला. रिअलिस्ट पद्धतीचं माउंट साधारण ४१ बाय १०१ मिमीचं असतं. ज्यांच्या स्टिरिओ जोड्या ५० मिमीच्या दोन सुट्या चौकोनी माउंटमध्ये आहेत, त्यांना हा व्ह्यूअर चालणार नाही, त्यांनी वेगळाच पाहावा.

डोकं दुखलं तर लगेच व्ह्यूअरला दोष देऊ नका. मलाही दहा-बारा स्लाइडनंतर कपाळ जड व्हायचं. शोधलं तर दोष माउंटिंगचा निघाला: डावी फिल्म उजवीपेक्षा जेमतेम अर्धा मिमी वर बसलेली. डोळे आत-बाहेर सहज वळतात, पण एक वर आणि एक खाली हे त्यांना जमत नाही. त्या स्लाइड नव्या माउंटमध्ये बसवल्या, आता सलग तासभर पाहतो.

एक तक्रार उरली आहे. चष्मा लावून पाहिलं की कडा कापल्या जातात. माझा नुसता नंबर आहे, तो फोकसच्या चाकाने भरून निघतो. पण माझ्या बहिणीच्या चष्म्याला सिलिंडर (तिरका नंबर, जो फोकसने भरून निघत नाही) आहे, आणि तिला तो काढून चालत नाही. तिच्यासाठी रुंद भिंगांचा, डोळा थोडा लांब ठेवून पाहता येईल असा व्ह्यूअर मी अजून शोधतोय.