मालेचा ओएक्स १२८/१डी: बॉक्सस्टरच्या तेलफिल्टरची गळती रिंगेत शोधा

पोर्शे बॉक्सस्टर ९८६ आणि ९११ मधली ९९६ या गाड्यांचं तेल घरी बदलणारे फिल्टर घेतात तेव्हा बहुतेकदा माले या जर्मन कंपनीचा ओएक्स १२८/१डी हातात येतो. युरोपात हाच फिल्टर क्नेश्टच्या खोक्यातही मिळतो, कारण तो मालेचाच ब्रँड आहे. बॉक्सस्टरच्या पुढच्या ९८७ पिढीच्या २००८ पर्यंतच्या गाड्यांनाही हाच चालतो. मागवण्याआधी इंजिन कोणतं ते पाहून घ्या.

फिल्टर म्हणजे नुसता घड्या घातलेल्या कागदाचा नळकांडा. पत्र्याचा डबा नाही. इंजिनच्या खालच्या बाजूला प्लॅस्टिकचा डबा आट्यांवर फिरवून बसवलेला असतो, त्यात हा कागद जातो. नावातला शेवटचा 'डी' म्हणजे डिश्टुंग, जर्मनमध्ये सील. सोबत नवी ओ-रिंग मिळते. ड्रेन प्लगचं ॲल्युमिनियमचं वायसर मात्र वेगळं मागवावं लागतं आणि इथेच बरेच जण विसरतात.

कागदाचा दर्जा उत्तम आहे. घड्या सरळ, टोकाच्या चकत्या नीट चिकटवलेल्या, आणि मधल्या नळीवर फिल्टर सैल न बसता हलक्या जोराने सरकतो. पण तेल बदलल्यावर जमिनीवर डाग पडतो तो कागदामुळे नव्हे. डाग पडतो रिंगेमुळे, आणि रिंग बसवणाऱ्या हातामुळे.

जुनी रिंग आधी. तापून तापून तिचा गोल छेद चपटा, जवळजवळ चौकोनी होतो. नवी शेजारी धरली की फरक लगेच कळतो. तिची लवचीकता गेलेली असते, म्हणून ती परत वापरली की गार इंजिन कोरडं दिसतं आणि दाब वाढला की झिरपू लागतं. ती काढायला स्क्रूड्रायव्हर वापरू नका. प्लॅस्टिकच्या खाचेला ओरखडा गेला तर कितीही नवी रिंग घाला, तेल त्या चरीतून वाट काढेलच. आइसक्रीमची काडी पुरते. खाच आणि इंजिनवरची बसण्याची जागा बिनधाग्याच्या फडक्याने पुसा, आणि जुनी रिंग खरंच डब्यासोबत निघाली का, ती वर चिकटून तर राहिली नाही ना, हे बोट फिरवून खात्री करून घ्या. दोन रिंगा एकमेकींवर आल्या तर इंजिन सुरू होताच तेलाची धार लागते.

नवी रिंग कोरडी घालायची नाही. ताज्या तेलाचा पातळ थर बोटाने लावा. कोरडी रिंग घट्ट करताना घासते, पीळ खाते आणि एका जागी दुमडते. बसवल्यावर बोटाने पूर्ण फेरी मारा. कुठे उचललेली वा पिळलेली वाटली तर काढून पुन्हा घाला.

डबा सुरुवातीपासून हाताने फिरला पाहिजे. दोन आटे गेल्यावरच जड लागलं तर आटे वाकडे पकडलेत. उलटं फिरवा, पुन्हा सुरुवात करा, पान्याने रेटू नका. हाताने थांबेपर्यंत गेल्यावर टॉर्क पाना: २५ न्यूटन मीटर, बस. 'अजून थोडं घट्ट' करणाऱ्यांच्या हातून डबा तडकतो. प्लॅस्टिकला केसासारखी भेग जाते, ती गार असताना दिसतही नाही. ड्रेन प्लगला ५० न्यूटन मीटर, आणि वायसर दर वेळी नवं, कारण ते एकदाच नीट दबतं.

पान्याबद्दल दोन शब्द. डब्याला ७४ मिमीचा, १४ बाजूंचा कप, म्हणजे तळावर टोपीसारखा बसणारा पाना, लागतो. पट्ट्याचा पाना डबा आवळतो आणि कडा खातो. पत्र्याचे स्वस्त कप सैल बसून घसरतात; ओतीव ॲल्युमिनियमचा घ्या, पुढची अनेक वर्षं चालेल.

क्रम असा: इंजिन कोमट करा, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) सपाट उभी करा, ८ मिमी ॲलनने ड्रेन प्लग काढून निदान वीस मिनिटं तेल गळू द्या, मग डबा काढा. डबा तेलाने भरलेलाच निघतो, म्हणून परात आधीच खाली सरकवा. नाहीतर हे सांडलेलं तेल क्रॉसमेंबरवरून (गाडीखालच्या आडव्या दांड्यावरून) दोन दिवस ठिबकत राहतं आणि लोक त्यालाच गळती समजून बसतात.

नवं तेल पोर्शे ए४० मंजुरीचं, ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४०. आधी गाडीच्या पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडं कमी घाला आणि पातळी बघत उरलेलं थोडं थोडं. बॉक्सस्टरमध्ये भरण्याचं तोंड मागच्या डिकीत आहे. या इंजिनात तेल जास्त भरलं तर एअर-ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणारा भाग) ते ओढून घेतो आणि निळा धूर निघतो.

सुरू केल्यावर एक मिनिट आयडल, टॉर्च घेऊन खाली बघणं, डब्याच्या सांध्यावर टिशू फिरवणं. पंधरा-वीस किलोमीटर फिरून पुन्हा तेच. तेल डब्याच्या काठावरून येत असेल तर रिंग. डबा कोरडा असून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर थेंब दिसला तर मागची मेन सील (क्रँकशाफ्टच्या टोकाची) किंवा आयएमएसच्या, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या, झाकणाची सील. ९८६-९९६ मधल्या एम९६ इंजिनांची ती कुप्रसिद्ध जागा आहे, तिथे फिल्टर बदलून काही होणार नाही. शंका असेल तर ब्रेक क्लीनरने सगळं धुऊन एक चक्कर मारा. पहिला ओला भाग खरा.

पत्र्याचा फिल्टर बसवायचे ॲडॉप्टरही मिळतात, त्यांचे चाहते पुष्कळ आहेत. पण तिथे सील एकाऐवजी दोन ठिकाणी: ॲडॉप्टर इंजिनला टेकतो तिथे आणि फिल्टर ॲडॉप्टरला टेकतो तिथे. फिल्टर सोडवताना ॲडॉप्टरही सैल झालं का ते दर वेळी पाहावं लागतं. शिवाय पत्रा कापायला कटर हवा. मालेचा कागद मात्र साध्या कैचीने उलगडता येतो, आणि ९८६-९९६ वाल्याला घड्यांत बघायलाच हवं: धातूची चकचकीत पूड दिसली तर आयएमएस बेअरिंगकडे वळा, तपकिरी प्लॅस्टिकचे कण दिसले तर चेनच्या गाइडकडे.

एक तक्रार: वायसरही याच खोक्यात दिलं असतं तर किती बरं झालं असतं. पाचपैकी साडेचार, तो अर्धा वायसरचा.