निफ्टी इंडेक्स फंड, सात वर्षांनंतर : साडेचार तारे

२०१८ साली आमच्या ओळखीतल्या एजंटने माझ्या गळ्यात अकरा म्युच्युअल फंड मारले होते. नावं वेगळी, पण आत डोकावलं तर सगळीकडे त्याच दहा-बारा मोठ्या कंपन्या. म्हणजे एकच भाजी अकरा वाट्यांत!

पुढच्या वर्षी सगळं आवरलं. आता महिन्याला आठ हजार निफ्टी ५०च्या इंडेक्स फंडात (म्हणजे निफ्टीच्या यादीतल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसे लावणारा फंड), डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मध्ये एजंट नाही, आणि पाच हजार पीपीएफमध्ये. पीपीएफचे पैसे ५ तारखेच्या आत भरायचे, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही. हे मला दोन वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय पूर्वी घेतलेले थोडे सुवर्ण रोखे, म्हणजे सोन्याच्या भावाशी जोडलेले सरकारी रोखे : वर्षाला अडीच टक्के व्याज, आणि घडणावळ नाही, म्हणून सासूबाईही खूश.

खरी परीक्षा मार्च २०२०ची, कोविडमुळे शेअर बाजार कोसळला तेव्हाची. रोज लाल आकडे. हे म्हणाले, "काढून टाक." मी फोनमधून ॲपच उडवलं आणि एसआयपी (दरमहा आपोआप जाणारा फंडाचा हप्ता) चालू ठेवली. हुशारी नव्हे, भीतीच होती, पण कामी आली.

अर्धा तारा का कापला? फंड कंपनीचं ॲप. नॉमिनीचं नाव बदलायला तीन आठवडे, चार मेल आणि एक भांडण. आणि हो, फंड कंटाळवाणा आहे. भिशीच्या गप्पांत सांगण्यासारखं काही घडतच नाही.