डेटा पुसणाऱ्या कमांडला लगाम कोणता घालावा?

कमांड टाइप करून चालवायचं टूल तुमचं आहे, त्यात डेटा कायमचा पुसणारी एखादी सबकमांड आहे, आणि कुणीतरी नको ते पुसून बसल्यावर मागणी आली आहे : ‘इथे वॉर्निंग टाका.’ अशा वेळी हात आपसूक ‘नक्की का? वाय/एन’ (हो/नाही) ही ओळ लिहायला जातो. काम थोडक्यात आटोपतं आणि तक्रारही बंद होते. पण ज्याचा डेटा गेला त्याला त्या क्षणी खात्री नव्हती का? बहुतेकदा पुरेपूर असते. चुकलेली असते ती जागा.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड ठेवायच्या ऑनलाइन सेवेत नेमकं हेच झालं. इंजिनिअरला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी रिकामी करायची होती, पण कमांड चालली ती मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबीच उरलं होतं. ‘नक्की का?’ असं तिथे दहा वेळा विचारलं असतं, तरी दहाही वेळा ‘हो’च उत्तर आलं असतं. म्हणून खालचे सगळे पर्याय मी एकाच कसोटीवर घासून पाहतो : पुसायचं आहे की नाही हे तर सगळेच विचारतात, पण आपण काय आणि कुठलं पुसतोय हे बघायला यातला कोणता पर्याय भाग पाडतो?

वाय/एन : स्वस्त, आणि लवकर बोथट होणारा

‘आरएम’ ही लिनक्सवरची फाईल पुसायची कमांड. ‘आरएम -आय’ प्रत्येक फाईलमागे विचारतं. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी खात्यासाठी, ‘आरएम’चा एलियास (त्या नावामागे चालणारी कमांड) पूर्वीपासून ‘आरएम -आय’ असा ठेवलेला असतो. हेतू चांगला, परिणाम उलटा. शंभर वेळा ‘वाय’ दाबायचा कंटाळा आला की माणूस सरळ ‘-आरएफ’ (आतलं सगळं, न विचारता) लावतो, कारण नंतर आलेलं ‘-एफ’ आधीचं ‘-आय’ रद्द करतं. थोड्या दिवसांत बोटांना ‘आरएम -आरएफ’चीच सवय लागते. दुसरा तोटा त्याहून छुपा : या एलियासवर विसंबलेला माणूस एलियास नसलेल्या मशीनवर गेला की ‘विचारेलच की’ या भरवशावर कमांड मारतो.

त्याच टूलमधलं मोठं ‘-आय’, म्हणजे कॅपिटल अक्षरातलं, मला जास्त शहाणं वाटतं. तीनपेक्षा जास्त फाईल्स असतील किंवा डिरेक्टरी मुळापासून उडवायची असेल तरच ते विचारतं, तेही एकदाच. प्रश्न क्वचित आला की माणूस तो वाचतो. झेडशेल हे शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारं टूल, ‘आरएम *’ (इथल्या सगळ्या फाईल्स पुसा) म्हटल्यावर कुठल्या डिरेक्टरीतल्या फाईल्स जाणार ते सांगून विचारतं. शिवाय त्यात एक सेटिंग आहे, ज्याने विचारण्याआधी दहा सेकंद थांबलं जातं आणि त्या वेळात दाबलेल्या कळा सोडून दिल्या जातात. बोटांच्या सवयीवर इतका थेट इलाज दुसरीकडे फारसा दिसत नाही. पण दहा सेकंद रोज कोण सोसणार? ज्याला त्याची गरज आहे तोच ते बंद करतो.

वाय/एनच ठेवायचा असेल तर नमुना म्हणून डिस्कचा एखादा भाग, म्हणजे पार्टिशन, एक्स्ट-फोर या फाईल सिस्टीमसाठी फॉरमॅट करणारं टूल बघा. पार्टिशनवर आधीच फाईल सिस्टीम असेल तर ती कोणती आहे आणि शेवटची कुठे माउंट झाली, म्हणजे जोडली गेली, होती हे ते आधी सांगतं आणि मग विचारतं. ‘एसडीबी1’ हे पार्टिशनचं नाव बघून कुणाला काही आठवत नाही. पण ‘शेवटचं माउंट : होम’ असं दिसलं की हात थांबतो. प्रश्न तोच, फक्त त्याच्या आधीच्या ओळीत लक्ष्याची ओळख आहे. वाय/एनची किंमत त्या आधीच्या ओळीवरच ठरते.

टाइप करायला लावणं : काय टाइप करायला लावता त्यावर सगळं

यात दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. एकीत ठरलेला मजकूर लिहायचा असतो. क्रिप्टसेटअप डिस्क एन्क्रिप्शनसाठी तयार करण्याआधी कॅपिटल अक्षरांत ‘येस’ मागतं. एपीटी हे लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजं टाकणारं-काढणारं टूल अत्यावश्यक पॅकेज काढण्याआधी ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ हे अख्खं वाक्य मागायचं. नोव्हेंबर 2021 मध्ये यूट्यूबवरच्या लिनस सेबॅस्टियनने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेम्सचं अ‍ॅप इन्स्टॉल करताना ते वाक्य निमूटपणे टाइप केलं आणि अख्खा डेस्कटॉप उडाला. इशारा स्क्रीनवर होता, पण पॅकेजांच्या लांबलचक यादीत. त्याला मुळात काही काढायचंच नव्हतं, त्यामुळे ते वाक्य म्हणजे पार करायचा आणखी एक अडथळा, एवढंच त्याला वाटलं असणार. त्यानंतर एपीटीने विचारणं सोडून सरळ नकार देणं पत्करलं. आता त्यासाठी वेगळा ऑप्शन मुद्दाम द्यावा लागतो.

दुसऱ्या जातीत लक्ष्याचं नाव लिहायचं असतं. डेबियन लिनक्समधलं मॉली-गार्ड एसएसएचवरून, म्हणजे दुरून लॉगिन करून, रीबूट किंवा शटडाऊन करू पाहणाऱ्याला मशीनचं होस्टनेम विचारतं. नाव दाखवत नाही, विचारतं. चुकीच्या टर्मिनलमध्ये बसलेला माणूस त्याच्या मनातल्या मशीनचं नाव लिहितो आणि तिथेच अडतो. गिटलॅबसारख्या चुकीला हा अचूक उतारा. इथे बरेच जण एक घोळ घालतात : प्रॉम्प्टमध्येच, म्हणजे टूलच्या प्रश्नातच, ‘पुढे जाण्यासाठी प्रॉड-डीबी असं लिहा’ म्हणतात. मग माणूस वरचं बघून खाली उतरवतो आणि तपासणी शून्य होते. उत्तर वापरणाऱ्याच्या डोक्यातून आलं पाहिजे.

सेफ या अनेक सर्व्हरवर डेटा साठवणाऱ्या सिस्टीममध्ये पूल, म्हणजे डेटाचा एक कप्पा, उडवायचा तर त्याचं नाव दोनदा लिहायचं, ‘--येस-आय-रिअली-रिअली-मीन-इट’ जोडायचं, आणि त्याआधी मॉनिटर या तिच्या देखरेखीच्या सेवेच्या सेटिंगमध्ये पूल डिलीट करायची परवानगी चालू केलेली असायला हवी. विनोदी वाटतं, पण यातलं खरं संरक्षण ते तिसरं आहे. पहिली दोन कमांडच्या हिस्टरीतून वर-बाण दाबून पुन्हा आणता येतात. सेटिंग मात्र आधी, वेगळ्या जागी आणि शांत डोक्याने बदलावं लागतं.

नकार आणि फ्लॅग

एक्स्ट-फोरचं टूल विचारतं, तर एक्सएफएस या दुसऱ्या फाईल सिस्टीमचं टूल विचारत बसत नाही. जुनी फाईल सिस्टीम दिसली की ते काम नाकारतं आणि ‘-एफ’ हा फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचा ऑप्शन, लावा म्हणतं. एकाच कामाच्या या दोन पद्धतींतला फरक स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड आपोआप चालवणाऱ्या फाईलमध्ये, कळतो. एक्स्ट-फोरचं टूल जुनी फाईल सिस्टीम शोधायची ही तपासणी इनपुट-आउटपुट दोन्ही टर्मिनलला जोडलेले असतील तरच करतं. स्क्रिप्टमधून चालवलं की बिनबोभाट वर लिहून मोकळं. एक्सएफएसचा नकार दोन्हीकडे सारखाच. स्क्रिप्टमधूनही वापरलं जाणारं टूल लिहीत असाल तर मी बेलाशक दुसऱ्या बाजूने आहे.

फ्लॅगचा धोका असा की ‘--फोर्स’ सगळ्याच तपासण्या एकदम बाजूला सारतो आणि एकदा स्क्रिप्टमध्ये शिरला की तिथेच ठाण मांडतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने 2013 मध्ये ‘--फोर्स-विथ-लीज’ आणलं ते यासाठीच : शेवटचं पाहिलं तेव्हा रिमोट ब्रँच (सर्व्हरवरची कोडची शाखा) जिथे होती तिथेच असेल तरच ती बदलायची, नाहीतर नाही. जबरदस्ती, पण एका अटीवर. तुमच्या टूलमध्येही प्रत्येक धोक्याला त्याच्या नावाचा वेगळा फ्लॅग द्या.

ड्राय-रन

म्हणजे काही न बदलता काय होईल ते फक्त दाखवणं : फाईली कॉपी करणाऱ्या आरसिंकचं ‘-एन’, मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलचं ‘-व्हॉटइफ’, गिटच्या नोंदीत नसलेल्या फाईली काढणाऱ्या गिट क्लीनचं ‘-एन’. लक्ष्य दाखवण्यात यांना तोड नाही, पण मुळात ते वापरायचं आठवलं पाहिजे. गिट क्लीनने यावर तोडगा काढलाय : नुसतं चालवलं तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये ते नकारच देतं. दुसरी फट म्हणजे पाहिलं ते आणि घडलं ते यांत मधल्या वेळात पडणारं अंतर. सर्व्हर वगैरे उभे करणारं टेराफॉर्म आखलेला प्लॅन फाईलमध्ये ठेवू देतं आणि तोच लागू करतं. मधे स्टेट (काय उभं आहे याची नोंद) बदललं असेल तर तो प्लॅन शिळा ठरवून नाकारतं. एवढं करणं जमणार नसेल, तर निदान ड्राय-रन आणि खरं काम एकाच कोडमधून जाऊ द्या. फाईलींची यादी एक फंक्शन काढतंय आणि पुसतंय दुसरंच, असा ड्राय-रन खोटा धीर देतो, आणि तो नसलेला परवडला.

याच कुळातली जोडी म्हणजे डिस्कचे भाग पाडणारी एफडिस्क आणि पार्टेड. एफडिस्क सगळे बदल मेमरीत धरून ठेवतं आणि ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत डिस्कला हात लावत नाही. पार्टेडमध्ये कमांड दिली की बदल झाला. नवख्याच्या हातात मी एफडिस्कच देईन.

मर्यादा घालणं

माणूस समोर नसतानाही चालणारं हे संरक्षण, आणि तरी याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये डिरेक्टरीचा पाथ ठेवणारा एक व्हेरिएबल रिकामा राहिला आणि ‘स्टीमच्या डिरेक्टरीतलं सगळं पुसा’चं ‘रूटपासून (‘/’ या सगळ्यात वरच्या डिरेक्टरीपासून) सगळं पुसा’ झालं. लिनक्सवरचं ग्नू ‘आरएम’ 2006 पासून नुसत्या ‘/’ला नकार देतं, पण इथे पुढे तारा होता. ‘/*’ची यादी शेल आधीच उलगडून देतं, त्यामुळे ‘आरएम’ला तो ‘/’ दिसतच नाही. म्हणून तपासणी टाकताना ती उलगडण्याच्या आधी बसते की नंतर, हे बघून घ्या.

आरसिंकच्या ‘--मॅक्स-डिलीट’ला जास्तीत जास्त किती पुसायचं तो आकडा देता येतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ‘--सेफ-अपडेट्स’मध्ये की-वर आधारलेलं व्हेअर (कोणत्या ओळी) किंवा लिमिट (किती ओळी) नसलेलं डिलीट चालत नाही, त्याच ऑप्शनचं दुसरं अधिकृत नाव ‘--आय-अ‍ॅम-अ-डमी’ आहे, आणि कित्येक अनुभवी लोक ते न लाजता वापरतात. 28 फेब्रुवारी 2017 ला अ‍ॅमेझॉनची एसथ्री ही फाईली साठवणारी सेवा कोलमडली ती कमांडला दिलेल्या एका चुकीच्या इनपुटमुळे. काढायचे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. नंतर त्यांनी टूलचा वेग कमी केला, आणि सर्व्हरची संख्या किमान गरजेखाली जाऊ नये अशी अट टूलमध्येच घातली. जादा प्रश्न विचारण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

अन्डू

जमत असेल तर बाकी सगळ्याच्या आधी हेच करा. पुसण्याऐवजी नाव बदलून बाजूला ठेवा आणि ठरावीक दिवसांनी खरोखर काढा. गिटचा रेफलॉग, म्हणजे ब्रँच कधी कुठे होती याची वही, डीफॉल्टने 90 दिवस नोंदी ठेवतो आणि ब्रँचच्या सध्याच्या टोकापासून न पोचता येणाऱ्या कमिटच्या (जतन केलेल्या बदलांच्या) 30 दिवस, म्हणून ब्रँच उडवली तरी लोक घाबरत नाहीत. मात्र कमिट न केलेलं काम हार्ड रीसेटने, म्हणजे सगळं कमिटवर परत नेणाऱ्या कमांडने, गेलं की रेफलॉगमध्ये त्याची खूणही नसते, तेव्हा तुमचं अन्डू कुठवर पोचतं हे मॅन पेजमध्ये (टूलच्या माहितीपानावर) स्पष्ट लिहा. जागा मोकळी करायलाच पुसत असाल किंवा गोपनीय माहिती नष्ट करायची असेल, तर हा पर्याय बाद. डीडीसारख्या थेट डिस्कवर लिहिणाऱ्या टूललाही तो लागू नाही. तिथे लक्ष्याची ओळख दाखवणं आणि नकार, एवढंच हातात उरतं.

माझी निवड : परत आणता येईल तिथे अन्डू आणि वर एकही प्रश्न नाही. परत आणता येणार नाही आणि काम क्वचितच करायचं असेल, तर न दाखवता नाव विचारणं. रोजचं काम असेल तर ड्राय-रन डीफॉल्ट आणि जोडीला मर्यादा. नुसतं वाय/एन कुठेच नाही.

टूल जुनं असेल तर एक अडचण उरते. आज अचानक प्रॉम्प्ट टाकला तर लोकांच्या रात्रीच्या स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत लटकतील, आणि सकाळी कुणीतरी पुढे सतत ‘वाय’ उत्तर देणारी ‘येस’ ही कमांड पाइप करून (जोडून) तुमचं सगळं संरक्षण कायमचं निकालात काढेल. म्हणून समोर टर्मिनल नसेल तर विचारूच नका. आधी एखाद-दोन व्हर्जन फक्त स्टँडर्ड एररवर (एरर छापायच्या वेगळ्या वाटेवर) सूचना द्या की पुढे हा फ्लॅग लागेल. त्यानंतरच्या व्हर्जनपासून फ्लॅग नसेल तर शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड (काम झालं नाही ही खूण) देऊन बाहेर पडा, आणि एरर मेसेजमध्ये लक्ष्याचा पूर्ण पाथ आणि फ्लॅगचं नाव दोन्ही छापा.